पिवळीत बोललेलं

“पिवळी झाली तुही,” भास्कर म्हणाला आणि डब्यातला राजगिऱ्याचा लाडू त्याने बायकोपुढे धरला. “आधी खा. मंग बोल.”

जयमालेने दंडाकडे पाहिलं. दंडावरची पट्टी, जुन्या दहाच्या नाण्याएवढी, खरंच पिवळी झाली होती. तिने लाडू खाल्ला, वर पाणी प्यायली. थोड्या वेळाने पट्टी हिरवी झाली, आणि मग तिचं तिलाच वाटलं, आता कशाला काढायचा तो चंद्रपूरचा विषय. बरी चालली आहे संध्याकाळ.

वैशाख लागल्यापासून हे असंच चाललं होतं. भास्कर नको म्हणत नव्हता. तो लाडू देत होता.

पट्टीची गोष्ट अशी. वीजपुरवठ्याच्या धंद्यात एक काम असतं. उद्या दुपारी कोणत्या भागात किती वीज लागेल, याचा अंदाज आज बांधायचा. हे गणित करणाऱ्या एका अभियंता बाईंची थोरली बहीण मधुमेहाची डॉक्टर होती. दोघी दिवाळीत माहेरी जमल्या होत्या. चिवडा खाता खाता थोरली म्हणाली, “रोग्याची साखर आत्ता किती आहे ते मला कळतं गं, थोड्या वेळाने किती होईल ते कळत नाही.” धाकटी म्हणाली, “मग मी दिवसभर दुसरं काय करते?”

तिथून पट्टी निघाली. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया असतात. कातडीखालच्या पाण्यात साखर किती, मीठ किती, थकव्याचं आम्ल किती, ते त्या मोजतात. ते आकडे विजेच्या मागणीसारखे मांडले की पुढच्या तासाभरात शरीरात काय होणार, ते आधी सांगता येतं. हे करताना बहिणींना एक गोष्ट सापडली, आणि ती पट्टीपेक्षा मोठी निघाली. पुरवठा कमी पडू लागला की शरीर सगळ्या अवयवांना थोडं थोडं कमी देत नाही. ते भारनियमन करतं. ठरलेल्या क्रमाने एकेक फीडर, म्हणजे एकेका भागाची वीजवाहिनी, बंद करतं. हृदय आणि श्वास कधीच बंद होत नाहीत. पाय पुष्कळ उशिरा. त्याच्या आधी बोटांची बारीक हालचाल, तिच्या आधी सारासार विचार. आणि सगळ्यात आधी, भूक लागल्याचं कळायच्याही आधी, जातो तो समजूतदारपणा. विदर्भातल्या माणसाला हे फार समजवावं लागलं नाही. कोणाची वीज आधी जाते आणि कोणाची जातच नाही, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं.

पट्टी आधी लाइनमन लोकांच्या दंडावर आली. उपाशीपोटी, नुसत्या चहा आणि तंबाखूच्या खर्ऱ्याच्या जोरावर खांबावर चढलेली माणसं पडत होती, नको त्या तारेला हात लावत होती. नियम झाला : चढायचं तर दोन परमिट हवीत. लाइन बंद असल्याचं परमिट सबस्टेशन देणार, आणि अंगाचं परमिट पट्टी देणार. पट्टी हिरवी असली की ते आपोआप निघतं. शेजारी एक आहार सहायक उभा असतो, त्याला फक्त अडवायचा अधिकार. कारण न सांगता अडवायचा. अट एकच, त्याची स्वतःची पट्टी हिरवी पाहिजे. पिवळीत बोललेलं धरायचं नाही.

वाठोड्याच्या कम्युनिटी कॉलेजात वीजवाहिनीचा आणि आहारशास्त्राचा असे दोन अभ्यासक्रम होते. मधल्या गॅलरीच्या एका टोकाला दोरखंड आणि हेल्मेटं, दुसऱ्या टोकाला वरणाचा वास. पूर्वी या टोकाचे लोक त्या टोकाला फक्त जेवायच्या सुट्टीत जात. पट्टीनंतर प्रात्यक्षिकं एकत्र सुरू झाली. भास्कर गावंडे तिथे खांबावर चढायला शिकवत असे. जयमाला शाळेत खिचडी शिजवायची, ती चाळिशी उलटल्यावर त्याच कॉलेजात आहाराला बसली, वर्गात पहिली आली आणि तिथेच आहार सहायक झाली. याचा भास्करला अभिमान होता. मित्रांना तो सांगायचा, “आमच्या घरी आता भाजीत मीठ किती, ते ग्रॅममधी सांगतेत.”

मग पट्टी लाइनच्या बाहेर पडली. स्वस्त झाली, मेडिकलच्या दुकानात मिळू लागली. बँकेत पिवळ्या माणसाची सही घेईनात. सासवा सुनेच्या दंडाकडे बघून हाक मारू लागल्या, सुना सासवांच्या. ग्रामसभेत पिवळीतला विरोध नोंदवायचा नाही असं ठरलं, आणि तेव्हापासून सत्तेवरची मंडळी सभा जेवणाच्या वेळेपर्यंत लांबवू लागली. भांडणं कमी झाली, हे मात्र खरं. कोणी तणतणत आला की लोक त्याच्या हातावर चिक्की ठेवत. खाऊन तो शांत होई आणि आपण कशासाठी आलो होतो ते विसरून घरी जाई. जी माणसं विसरत नसत, ती शहाणपणाने गप्प बसत. खाल्ल्यावरही राग आहे असं सांगणं गावात जरा कमीपणाचं झालं होतं.

जयमालेला चंद्रपूरच्या प्रशिक्षण केंद्रातून बोलावणं आलं होतं. आहार निदेशिका म्हणून, म्हणजे शिकवायला, एका वर्षासाठी. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. नवरा-बायको दोघंच घरात, मुलगी लग्न होऊन वर्ध्याला. अडचण अशी काही नव्हती. पण विषय निघायचा तो कॉलेजातून थकून आल्यावर, आणि तेव्हा पट्टी पिवळी असायची.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी तिने ठरवून आधी जेवून घेतलं. दोन भाकरी, वरण, वर ताक. पट्टी पानासारखी हिरवी झाली. मग तिने भास्करचं ताट वाढलं आणि समोर बसली.

“मले चंद्रपूरचं बोलाचं आहे.”

“दिवसभर उन्हात होतो, घास तर घेऊ दे वं,” भास्कर तडकला. “आल्या आल्या चंद्रपूर! काय ठेवलं आहे तिथं?”

जयमालेने त्याच्या दंडाकडे पाहिलं. “तुमची पिवळी झाली. आधी खा. मंग बोलू.”

आपलंच वाक्य असं समोरून आलेलं भास्करने कधी ऐकलं नव्हतं. ते बायकोला किती महिने ऐकावं लागतं आहे, हा विचार त्याच्या मनात आला की नाही, सांगता येत नाही. समजूतदारपणाचा फीडर बंद होता. त्याने ताट पुढे सारलं.

“मले नाई जेवाचं.”

“नका जेवू.”

खरं तर रुसलेल्या माणसाला “जेवा ना” असं म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा तो उठतो. हे दोघांना माहीत होतं. जयमालेने एकदाही म्हटलं नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि सकाळच्या पूजेसाठी वाळू चाळायला घेतली. बाहेर वारा सुटला होता.

सकाळी ताट तसंच होतं. भास्करची पट्टी मात्र हिरवीगार. म्हणजे बाहेर कुठे तरी खाल्लं, जयमाला मनात म्हणाली, आणि तिला वाईट वाटलं. माझ्या हातचं नको, हॉटेलातलं चालतं. तिने वाळूची पिंड केली, बेल वाहिला, पाणीही न पिता नवऱ्याच्या आयुष्यासाठी दिवसभराचा उपास धरला आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता कॉलेजात गेली.

कॉलेजातून सगळ्यांना नाल्यापलीकडे जावं लागलं. वाऱ्याने पाणीपुरवठ्याच्या पंपाकडे जाणारी लाइन पाडली होती. गावाच्या टाकीत पाणी चढत नव्हतं, आणि सणाच्या दिवशी पाणी नाही म्हटल्यावर लोकांनी फोन करून करून ज्युनिअर इंजिनिअर बोरकरला भंडावून सोडलं होतं. बोरकर तरुण होता, सज्जन होता आणि नियम पाठ असलेला होता. दुसऱ्या आहार सहायक बाई हरतालिकेची रजा टाकून माहेरी गेल्या होत्या, म्हणून जयमाला एकटीच होती. आहाराच्या वर्गातली हर्षा मदतीला आली होती.

भास्करने सबस्टेशनला फोन लावला, फीडर बंद करवला आणि लाइनचं परमिट स्वतःच्या नावावर घेतलं. लाइनच्या कामात याला फार महत्त्व आहे. ज्याने परमिट घेतलं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने, ते परत करायचं. तोवर साक्षात मंत्र्याने सांगितलं तरी सबस्टेशनवाला लाइन चालू करत नाही, आणि तोवर परमिटवाल्याने जागा सोडायची नसते.

मग तो कमरेचा पट्टा बांधू लागला. जयमाला बाजूला उभी राहून दुसरीकडे बघत होती, तरी तिला दिसलं. त्याचा हात कडीला लागला आणि चुकला. पुन्हा लागला, पुन्हा चुकला. हा माणूस अंधारात, पावसात, मुलांशी गप्पा मारत तो पट्टा बांधायचा. ती दोन पावलं जवळ गेली. तेव्हा तिला मुंग्या दिसल्या.

बारीक लाल मुंग्या. भास्करच्या मनगटावरून एक रांग वर चालली होती, कोपराच्या आत वळून बाहीखाली शिरत होती.

जयमालेने आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलं होतं. मुंग्या कशाला लागतात ते तिला कळायला वेळ लागला नाही. ज्याच्या बोटाला साखर लागली आहे त्याचं रक्त तपासलं तर यंत्र फसतं, हे तिला वर्गातही शिकवलं होतं. पट्टीखाली गूळ चोळला की पट्टी दिवसभर हिरवी राहते, अशी कुजबुज लाइनमन लोकांत होतीच. म्हणजे भास्करने हॉटेलात काही खाल्लं नव्हतं. तो काल दुपारपासून उपाशी होता, आणि रुसून उपाशी आहे हे बायकोला कळू नये म्हणून गूळ लावून आला होता.

“साहेब,” ती म्हणाली, “यांना चढवू नका. मी अडवते आहे.”

बोरकरने हातातल्या टॅबवर पट्ट्यांचे रंग बघितले. “काय झालं मॅडम? सरांची तर हिरवी आहे.”

“असू द्या.”

“मॅडम...” बोरकर अवघडला. “तुमची पिवळी आहे.”

“उपास आहे माझा.”

“हो, माझ्या आईचाही आहे. पण पिवळीतलं मला धरता येत नाही. तुम्ही कारण सांगा, कारण असलं तर धरतो.”

कारण होतं, आणि ते मनगटावरून चालत होतं. पण पट्टीशी लबाडी केलेल्या माणसाला पुन्हा कधीच खांबाला हात लावू देत नाहीत. तसा एक जण बिलांच्या खिडकीत बसलेला जयमालेने पाहिला होता. तो दिवसभर काचेतून समोरच्या खांबाकडे बघायचा. भास्कर त्या खिडकीत चार महिने टिकला नसता. आणि आत्ता वर चढला, तर चार मिनिटं तरी टिकेल की नाही कोण जाणे.

“कायचं कारण साहेब,” भास्कर म्हणाला. “उपाशी आहे, चिडचिड करून राहिली. कालचा राग आहे तिचा. द्या तिले एक लाडू.”

दोन-तीन जण हसले. रफीक नावाचा जुना लाइनमन हसला नाही. तो जयमालेच्या तोंडाकडे बघत होता.

जयमालेने खांद्याची पिशवी खाली ठेवली, लाडवांचा डबा काढला आणि उघडला.

“काकू!” हर्षा किंचाळलीच. “अवो, हरतालका आहे आज! निर्जळी आहे ना तुमची?”

“होती,” जयमाला म्हणाली.

तिने अख्खा लाडू खाल्ला, सगळ्यांसमोर, नीट चावून. वर मीठ-साखरेचं पाणी प्यायली. नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरलेला उपास नवऱ्याच्या आयुष्यासाठीच मोडावा लागला. यात पुण्य कुठे जमा होतं आणि कुठे वजा, तो हिशेब शंकर-पार्वतीने सवडीने करावा, असं तिने मनाशी म्हटलं.

“आता माझी हिरवी होईपर्यंत थांबा,” ती बोरकरला म्हणाली. “तेवढं नियमात आहे.”

“आहे,” बोरकर म्हणाला. त्याचा फोन वाजत होता. त्याने तो उलटा करून ठेवला.

भास्कर तिच्याजवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, “काहून मोडला उपास? लोकाइसमोर?”

“बाही खाली करा,” जयमाला तितक्याच हळू म्हणाली. “मुंग्या आहेत.”

त्याने मनगटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आजवर तिने त्याला चिडलेला, दमलेला, तापाने फणफणलेला पाहिला होता. शरमलेला पहिल्यांदाच पाहत होती. त्याला वेळ द्यावा म्हणून तिने नजर वळवली.

“सायबाले सांगशील?”

“सांगायचं असतं तर लाडू कायले खाल्ला असता?”

तिने डबा खांबाच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवला. खा म्हटलं नाही. तीनदा काय, एकदाही नाही. पाठ करून उभी राहिली आणि आपल्या दंडाकडे बघत राहिली.

पिवळा रंग कडेने फिकट होत गेला. जयमाला वाट बघत होती. पट्टी फिरली की राग जातो, हा इतक्या महिन्यांचा अनुभव होता. आता तो जाईल, मग मी याला अडवीन, घरी जाऊ, वरण-भात लावू, आणि चंद्रपूर पुन्हा राहून जाईल, असं ती स्वतःच स्वतःला आधीच सांगून बसली होती.

पट्टी हिरवी झाली. राग होता तिथेच होता. एवढंच झालं, की मघाशी त्याला शब्द सापडत नव्हते, ते आता अगदी ओळीने सापडत होते.

“साहेब, गावंडे सरांना मी अडवते आहे. कारण देणार नाही.”

बोरकरने टॅब बघितला. “धरलं, मॅडम.”

मग ती भास्करकडे वळली. आवाज चढवला नाही, पण हळूही बोलली नाही. “आणि मी चंद्रपूरले जाऊन राहिली. दिवाळी झाली की. एक वर्ष. चार महिने झाले, मी तुमच्याशी हे बोलाचं म्हणतो आणि तुम्ही मले चारता. मले भूक नव्हती. मले राग होता.”

भास्करने आधी तिच्या दंडाकडे पाहिलं. पट्टी हिरवी होती. हिरव्या माणसाला काय उत्तर द्यायचं, याची सवय गावात कोणालाच उरली नव्हती. त्याने सवयीने डब्याकडे नजर टाकली, मग बोरकरकडे, मग आभाळाकडे.

“मी चढतो,” रफीक म्हणाला आणि भास्करच्या कमरेचा पट्टा स्वतः सोडवून घेतला. कडी एका झटक्यात लागली. “भाभी, माही बघून घ्या.”

“हिरवी आहे तुमची, रफीकभाई. सकाळी काय खाल्लं?”

“शिरखुर्मा नाई, चपाती-भाजी,” रफीक म्हणाला आणि वर चढू लागला.

एरवी असं काही झालं असतं तर भास्कर मोटरसायकल काढून तालुक्याच्या हॉटेलात जाऊन बसला असता. पण लाइनचं परमिट त्याच्या नावावर होतं. काम संपेपर्यंत त्याला तिथून हलता येत नव्हतं, आणि टेकायला त्या खांबाचा ओटा तेवढा होता. तो ओट्यावर बसला. जयमाला चार हातांवर उभी होती. वर रफीक तार ओढत होता, खाली मुलं दोर धरून होती. मध्येच डब्याचं झाकण वाजलं. तिने वळून पाहिलं नाही. पुन्हा एकदा वाजलं.

मग पाण्याचा आवाज आला. भास्कर बाटलीतल्या पाण्याने दंड धूत होता. पट्टीखालून, पट्टीवरून, चांगला खसाखसा. बोरकरच्या टॅबवर टुणटुणलं, भास्करच्या नावापुढे हिरव्याचं पिवळं झालं. त्याने टॅब बघितला, भास्करकडे बघितलं, ओल्या बाहीकडे बघितलं. तोंड उघडलं. मग टॅब काखेत मारून दोर धरणाऱ्या मुलांना, “ढिला सोडू नका रे,” असं उगीचच ओरडला.

काम उरकलं. रफीक खाली आला. भास्करने सगळी माणसं मोजली, तार जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी स्वतःच्या हाताने काढली आणि सबस्टेशनला फोन लावला. “मी भास्कर गावंडे बोलून राहिलो. परमिट माझ्या नावाचं. माणसं सारी खाली आहेत, अर्थिंग काढलं. लाइन घ्या.” आवाज स्वच्छ होता. पलीकडच्याने त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं, तशी रीतच आहे, आणि त्याने ते पुन्हा म्हटलं. थोड्या वेळाने नाल्याच्या काठचा पंप घरघरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना मोटरसायकलवर दोघंच होते. नाला ओलांडून रस्त्याला लागल्यावर भास्करने गाडी हळू केली.

“चंद्रपूरले ऊन लय असते,” तो म्हणाला.

जयमालेने मागून त्याच्या दंडाकडे पाहिलं. धुतलेली पट्टी, खरी हिरवी.

“असते,” ती म्हणाली. “बोला पुढं.”